डायबेटिक बोक्याची शुगर घरी मोजताना : क्रम, आकडे आणि नेहमीच्या चुका

आमच्या ढब्बूला डायबेटिस निघाला त्याला आता तीन वर्षं होतील. तेव्हापासून ठाण्यात ओळखीपाळखीतल्या कुणाच्या मांजराला शुगर निघाली की फोन माझ्याकडे येतो. पहिला प्रश्न ठरलेला, "कानातून रक्तच येत नाही गं, काय करू?" रक्त येतं. आठ-दहा दिवसांत हात बसतो. गडबड होते ती त्याच्या आधी आणि नंतर. सिरिंज चुकीची घेतलेली असते, खाऊ घालून मग शुगर मोजलेली असते, नाहीतर सकाळचा एक मोठा आकडा बघून घरच्या घरी डोस वाढवलेला असतो. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या चुकीनं मांजर दगावू शकतं.

इन्सुलिन कुठलं आणि किती, हे तुमचे व्हेट ठरवतील. इथे फक्त मोजायचं कसं आणि आलेल्या आकड्याचं करायचं काय, एवढंच.

क्लिनिकमध्ये मोजतात की, मग घरी कशाला, असंही विचारतात. मांजर घाबरलं की त्याची शुगर नुसत्या भीतीनं चढते, डायबेटिस नसलेल्या मांजराचीसुद्धा ३०० च्या पुढे जाऊ शकते. कासारवडवलीहून घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून बास्केटमध्ये तासभर किंचाळत आलेल्या बोक्याचा जो आकडा क्लिनिकमध्ये दिसतो, तो बऱ्याचदा ट्रॅफिकचा असतो.

## १. सामान जमवा, आणि सिरिंज दोनदा बघा

ग्लुकोमीटर, त्याच्याच स्ट्रिप, लॅन्सेट (टोचायची छोटी सुई), कापूस, व्हॅसलीन, एक जुना टॉवेल, वही-पेन. मधाची छोटी बाटली किंवा ग्लुकोज पावडर याच डब्यात ठेवा, स्वयंपाकघरात नको. लागते तेव्हा शोधायला वेळ नसतो.

मीटर. प्राण्यांसाठी वेगळे मीटर असतात. आमच्या केमिस्टकडे नव्हता, म्हणून मी माणसांचा वापरते. तो चालतो, पण एक गोष्ट समजून घ्या. माणसाच्या रक्तातली साधारण ५८ टक्के साखर प्लाझ्मात आणि बाकीची तांबड्या पेशींत असते. मांजराच्या रक्तात जवळजवळ ९३ टक्के प्लाझ्मातच असते. मीटरच्या आतला हिशेब माणसाचा आहे, त्यामुळे मांजराचा आकडा तो सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. तुम्ही स्वतः बेरीज-वजाबाकी करत बसू नका. कुठला मीटर वापरता ते व्हेटना सांगा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. आज घरचा, उद्या शेजारच्या काकांचा, असं केलंत की वहीतल्या आकड्यांची आपसात तुलनाच होत नाही.

लॅन्सेट. सुरुवातीला २६ ते २८ गेजची, म्हणजे थोडी जाड सुई घ्या. केमिस्ट "ही घ्या, दुखत नाही" म्हणून एकदम बारीक सुई देतो. तिनं रक्त येत नाही, मग चारदा टोचावं लागतं, आणि मांजर कायमचं बिथरतं. कान सरावला की बारीक सुईकडे वळा.

स्ट्रिप. पावसाळ्यात आपल्याकडची हवा स्ट्रिपची वैरीण. डबीतून एक काढली की झाकण लगेच घट्ट लावा, ओल्या बोटांनी काढू नका. डबी ओट्यावर गॅसजवळ नको, फ्रिजमध्येही नको. कपाटातला कोरडा कोपरा चांगला. डबी फोडल्याची तारीख पेनानं तिच्यावर लिहा; फोडल्यानंतर किती महिने चालते ते लेबलवर दिलेलं असतं.

सिरिंज. इथे थांबून वाचा. आपल्याकडे माणसांच्या इन्सुलिनच्या कितीतरी बाटल्या एका मिलिलीटरला ४० युनिटच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपीची. मांजरांना बऱ्याचदा लिहून देतात ते ग्लार्जिन मात्र एका मिलिलीटरला १०० युनिटचं, त्याची सिरिंज नारिंगी टोपीची. केमिस्टचा हात सवयीनं लाल टोपीकडे जातो. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २ च्या रेघेपर्यंत भरलंत, तर मांजराच्या अंगात २ नाही, ५ युनिट जातात.

> तपासा: बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून मोठ्यानं वाचा. दोन्हीकडे ४०, किंवा दोन्हीकडे १००. नवीन पाकीट आणाल तेव्हा प्रत्येक वेळी.

## २. सुईच्या आधी आठवडाभर नुसता कान

बहुतेक जण ही पायरी गाळतात. व्हेटकडून आल्या दिवशीच दोघं मिळून मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळतात आणि कान धरतात. दुसऱ्या दिवसापासून मांजर पलंगाखाली.

जागा एकच ठेवा. आमच्याकडे जुना पाट आहे, त्यावर टॉवेल. दिवसातून दोन-तीनदा ढब्बूला पाटावर बसवायचं, कान दोन बोटांत धरून चोळायचा, उकडलेल्या चिकनचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा द्यायचा, सोडून द्यायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मीटर चालू करून त्याचा आवाज ऐकवायचा. मग लॅन्सेट बसवायचं जे पेन मिळतं, त्याचा खटका सुई न घालता कानाशी वाजवायचा. दर वेळी चिकन. आता मीटरचा 'पिक्' आवाज झाला की तो आपण होऊन पाटावर येऊन बसतो आणि उशीर झाला तर माझ्याकडे रागानं बघतो.

व्हेटनी लगेच मोजायला सांगितलं असेल तर अर्थात आठवडा थांबू नका. मोजा, आणि सवयही चालू ठेवा.

बक्षीस म्हणून दूध, बिस्किट, पोळीचा तुकडा नको. चिकन किंवा मासा, बिनमीठ-मसाल्याचा.

## ३. टोचायच्या आधीची पाच मिनिटं

हात साबणानं धुऊन कोरडे करा. मागच्या वर्षी मे महिन्यात ढब्बूचा आकडा अचानक ४८० आला. मी घाबरून व्हेटना फोन लावणार, तेवढ्यात लक्षात आलं की नुकताच हापूस चिरला होता आणि त्याच बोटांनी त्याचा कान चोळला होता. हात धुतले, त्याचा कान ओल्या कापसानं पुसून कोरडा केला, दुसऱ्या कानातून मोजलं. २१२.

कान गरम करा. थंड कानातून रक्त येत नाही, निम्म्या तक्रारींचं मूळ एवढंच आहे. पायमोज्यात मूठभर कोरडे तांदूळ भरून गाठ मारा, मायक्रोवेव्हमध्ये थोडा वेळ ठेवा, आधी स्वतःच्या गालाला लावून बघा. गालाला सोसेल तेवढाच गरम हवा. कानाला आतून-बाहेरून मिनिटभर धरा.

स्पिरिट लावू नका. झोंबतं, आणि ओलं राहिलं तर आकडाही बिघडतो.

कान गोरा असेल तर मागून मोबाइलचा टॉर्च धरा, कडेनं जाणारी शीर दिसेल. टोचायचं त्या शिरेत नाही. शीर आणि कानाची बाहेरची कड यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी आहे, तिथे. काळ्या कानाच्या मांजरात शीर दिसत नाही, तिथे कडेपासून एक-दोन मिलिमीटर आत, अंदाजानं.

त्या जागी व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा. मग रक्त केसांत पसरत नाही, मणी होऊन उभं राहतं.

## ४. टोचणं

1. स्ट्रिप मीटरमध्ये आधी घाला. आधी टोचून मग स्ट्रिप शोधायला गेलात की थेंब सुकतो. पण फार आधीही नको, मीटर आपोआप बंद होतो.
2. कानाच्या मागे कापसाची घडी धरा. सुई आरपार गेली तर कापसात जाईल, तुमच्या बोटात नाही.
3. पेनाचा खटका काही मांजरांना अजिबात खपत नाही. त्यांच्यासाठी सुई हातातच धरा, थोडी तिरकी, आणि एकदाच टोचा. दबकत टोचलं की दुखतं जास्त आणि रक्त येत नाही.
4. थेंब आला नाही तर कानाच्या बुडाकडून कडेकडे हलकेच बोट सरकवा. पिळू नका. पिळलेल्या कानातून रक्ताबरोबर पाण्यासारखा द्रव येतो आणि आकडा चुकतो.
5. स्ट्रिपचं टोक थेंबाला बाजूनं टेकवा. ती स्वतः रक्त ओढून घेते. वरून थेंब पुसल्यासारखा केलात तर एरर येईल आणि वीसेक रुपयांची स्ट्रिप गेली.
6. कापूस २०-३० सेकंद दाबून धरा. हे टाळलं की आठवड्याभरात कान निळा-काळा पडतो. लोक आकडा वाचायच्या घाईत मांजर सोडून देतात.
7. चिकन. रक्त आलं असो वा नसो.

> थांबा: दोन, फार तर तीन प्रयत्न. तेवढ्यात जमलं नाही तर सोडून द्या आणि अर्ध्या तासानं बघा. मोजणी जमलीच नाही तर इन्सुलिन द्यायचं का, हे व्हेटना आजच विचारून लिहून ठेवा. रात्री साडेनऊला हा प्रश्न पडतो तेव्हा फोन कुणी उचलत नाही.

कानाचे हाल झाले असतील तर पुढच्या पंज्याची मोठी, मधली गादी चालते. पण तो पाय घेऊन मांजर लगेच लिटर बॉक्समध्ये जाणार, तेव्हा जागा स्वच्छ ठेवा.

## ५. रोजचा क्रम

मोजा, आकडा बघा, खायला द्या, खातोय ना ते बघा, मग इन्सुलिन. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतरानं. वेळा तुमच्या गाडीच्या हिशेबानं ठरवा. मी आधी ७ आणि ७ ठरवले होते. ऐरोलीहून परत येताना ट्रान्स-हार्बरची गाडी रखडली की रोज पावणेआठ व्हायचे. आता साडेआठ-साडेआठ आहे आणि सकाळची धावपळही कमी झाली.

सर्वांत जास्त मोडतो तो पहिला नियम. मांजर भुकेनं पायात घोटाळतं, आपण वाटी ठेवतो आणि मग मीटर काढतो. त्या आकड्यात खाणंही मिसळतं आणि इन्सुलिनचा मागचा डोस कितपत पुरला ते कळत नाही.

इन्सुलिनच्या आधीचा आकडा किती खाली असला तर डोस द्यायचा नाही, हे व्हेटकडून लिहून घ्या. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना बऱ्याचदा २०० ची रेघ आखून देतात. त्याखाली आकडा आला तर खायला न देता २०-३० मिनिटं थांबा, पुन्हा मोजा, फोन करा (६० च्या खाली असेल तर मात्र थांबायचं नाही, भाग ७ बघा). फोन लागला नाही तर डोस गाळा. एक डोस चुकल्यानं सहसा मोठं नुकसान होत नाही, जास्तीचा एक डोस मात्र जीव घेऊ शकतो. याच कारणानं, सुई केसांतून आरपार गेली आणि इन्सुलिन बाहेर सांडल्यासारखं वाटलं, तरी दुसरी सुई द्यायची नाही.

मांजर खात नसेल तर इन्सुलिन देण्याआधी व्हेटशी बोला.

आता घरातली माणसं. आमच्या सासूबाईंचा ढब्बूवर फार जीव. दुपारी मी ऑफिसात असताना त्याला दूधभात मिळायचा, "एवढ्याशानं काय होतंय" म्हणत. दोन महिने आमची संध्याकाळची शुगर ४०० च्या खाली यायला तयार नव्हती आणि व्हेट डोस वाढवत होते. शेवटी मी वहीत 'दुपारी काय खाल्लं' असा रकाना आखला आणि तो भरायचं काम त्यांनाच दिलं. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं : 'दू. भा. २ चमचे, मारी अर्धं.'

> सावध: दूधभात, पोळी, बिस्किट बंद करणार असाल तर त्याच दिवशी व्हेटना सांगा. पिष्टमय खाणं कमी झालं की इन्सुलिनची गरज झपाट्यानं उतरू शकते. जुना डोस चालू राहिला तर शुगर धोक्याइतकी खाली जाते. डबाबंद खाण्याचा प्रकार बदलतानाही हेच.

## ६. कर्व्ह : दिवसभराची मोजणी

सगळ्या लेखातला महत्त्वाचा भाग हा. इन्सुलिन सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर साधारण ७ ते १४ दिवसांनी व्हेट कर्व्ह मागतात. सकाळी खाण्याच्या आणि इन्सुलिनच्या आधी सुरुवात, मग दर दोन तासांनी, पुढच्या डोसपर्यंत. मध्ये आकडा १५० च्या खाली गेला तर दर तासाला.

रविवार निवडा. पाहुणे नकोत, मांजर आजारी नको, खाणं-डोस नेहमीसारखेच हवेत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी एका मैत्रिणीनं कर्व्ह काढला होता. दिवसभर फटाके, बोका कपाटावर, सगळे आकडे साडेतीनशेच्या वर. तो कागद फाडून टाकावा लागला.

माझ्या वहीतलं एक पान, वेळा साडेआठ ठरण्याच्या आधीचं :

सकाळी ७ – ३४२ (खाणं, इन्सुलिन)
९ – २६८
११ – १७१
दुपारी १२ – १३६ (आकडा उतरताना दिसला, म्हणून तासानं)
१ – ११८
२ – १२१
३ – १३४
४ – १८०
५ – २२६
संध्याकाळी ७ – ३१८

फक्त ७ चे दोन आकडे बघा : ३४२ आणि ३१८. कुणीही म्हणेल डोस कमी पडतोय, वाढवा. आणि आता दुपारी १ बघा. इन्सुलिनचा जोर तिथे सर्वांत जास्त आहे आणि शुगर ११८ वर आली आहे. हा सर्वांत खालचा आकडा ८० ते १५० च्या दरम्यान असावा, असं साधारणपणे धरतात. म्हणजे डोस बरोबर होता. सकाळचा आकडा बघून मी तो वाढवला असता, तर दुपारी एकला, मी ऑफिसात असताना, ढब्बू ६० च्या खाली जाऊ शकला असता.

डोस ठरतो तो या सर्वांत खालच्या आकड्यावर, म्हणून तो कधी आणि किती येतो हे ठाऊक नसताना डोसला हात लावू नका. तो ८० च्या खाली येत असेल तर डोस कमी करायला हवा का, हे त्याच दिवशी विचारा. १५० च्या बराच वर राहत असेल तर व्हेट वाढवतील, तेही अर्ध्या-एक युनिटनं.

व्हेटना नुसता सरासरी आकडा कळवू नका, वहीच्या पानाचा फोटो पाठवा. त्यात वेळ, आकडा, खाणं, इन्सुलिन आणि शेरा असे रकाने हवेत. महिन्यातून एकदा वजन : मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहा, मग एकट्या उभ्या राहा, वजा करा. वजन टिकून असेल, पाणी पिणं आणि लिटर बॉक्समधले लघवीचे गोळे कमी झाले असतील, तर एखाद्या दिवशीच्या वेड्यावाकड्या आकड्यानं झोप घालवू नका.

## ७. शुगर उतरली तर

लक्षणं : झोकांड्या, थरथर, अचानक वखवख किंवा उलट मरगळ, एकटक बघणं, पुढे फिट. काही मांजरं ५० पर्यंत उतरली तरी बाहेरून ठणठणीत दिसतात, म्हणून आकड्यावर विश्वास ठेवा.

* ६० च्या खाली, पण मांजर शुद्धीत आणि खातंय : लगेच खायला द्या, १५-२० मिनिटांनी पुन्हा मोजा, व्हेटना फोन.
* झोकांड्या, थरथर किंवा फिट : मोजत बसू नका. मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी बोटानं हिरड्यांना आणि ओठांच्या आतल्या बाजूला चोळा. दातांच्या मध्ये बोट नको, तोंडात ओतायचं तर मुळीच नाही, श्वासनलिकेत जाईल. लगेच दवाखान्याकडे निघा, मध सोबत घ्या.

सावरल्यावरही काम संपत नाही. ग्लार्जिनसारखं इन्सुलिन तासन्‌तास चालतं, मधाचा परिणाम थोड्या वेळात ओसरतो आणि शुगर पुन्हा घसरते. पुढचे काही तास मोजत राहा, पुढचा डोस व्हेटना विचारल्याशिवाय नाही.

मीटरवर 'लो' आलं तर "स्ट्रिप खराब असेल" म्हणून दुसरी काढू नका. आधी साखर, मग दुसरी स्ट्रिप.

## ८. शुगर चढलेली राहिली तर

एखादा ४०० चा आकडा ही आणीबाणी नाही. ४०० आणि उलट्या, खाणं बंद, सुस्ती, असं एकत्र असेल तर आहे. अशा वेळी लघवीतले कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागलं की तयार होणारे पदार्थ) बघा. केमिस्टकडे लघवीच्या पट्ट्या मिळतात. मांजर बसलं की जुनी पळी हळूच मागून खाली सरकवायची, पट्टी बुडवायची, डबीवर दिलेल्या सेकंदांनीच रंग जुळवायचा. उशिरा बघितलेला रंग खोटा. कीटोन थोडेसे जरी दिसले तरी त्याच दिवशी दवाखाना, सकाळची वाट बघू नका.

आणि आठवून बघा : खाजेसाठी किंवा दम्यासाठी मध्ये कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलंय का? त्यानं शुगर चढते. दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना डायबेटिसचं सांगायला लोक विसरतात.

## ९. सेन्सर

माणसांचा १४ दिवसांचा चिकटवायचा सेन्सर मांजरालाही लावतात, केस भादरून, व्हेटकडेच. मांजरावर तो बऱ्याचदा आधीच निघून येतो. तो त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे शुगर वेगानं चढत-उतरत असेल तेव्हा रक्ताच्या थोडा मागे असतो. कर्व्हला उत्तम. पण त्यावर फारच खालचा आकडा दिसला तर कान टोचून खात्री करा. आणि मांजर डळमळत असेल तर आधी मध, मग खात्री.

## १०. वापरलेल्या सुया, आणि गणपतीला गावी जाताना

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण चिकटपट्टीनं बंद करून, वर 'सुया' लिहून. आमचे व्हेट ती बाटली परत घेतात. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, सफाई कामगाराच्या हातात घुसतात.

आम्ही कोकणात गेलो की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू ढब्बूला बघतात. जाण्याआधी दोन दिवस त्या स्वतः मोजतात, मी शेजारी नुसती उभी राहते. फ्रिजवर चिठ्ठी असते :

'सकाळ-संध्याकाळ ८.३०. आधी कान, मग वाटी, मग सुई. नारिंगी टोपी, २ च्या रेघेपर्यंत. २०० च्या खाली : वाटी-सुई दोन्ही नको, मला फोन. ६० च्या खाली : लगेच वाटी, सुई नको, मला फोन. खात नसेल : सुई नको, मला फोन. सुई दिली की नाही आठवत नसेल : दिली असं समजा. मध डब्यात डावीकडे. दूधभात मागेल. नाही.'